दाबत राहा

सोनालीनं मुकादमाच्या शर्टाची बटणं एका हिसक्यात तोडली आणि उजवा हात हातमोज्यात घातला. मनगटाचा पट्टा आवळला तशी हातमोज्यातल्या यंत्रातली बाई बोलायला लागली, शाळेतल्या बाई बोलतात तशी, एकेक शब्द सुटा करून.

"तळहात छातीच्या मध्यभागी ठेवा. दुसरा हात त्यावर. कोपर ताठ. दाबा."

सोनालीनं दाबलं.

बाळासो मुकादम वाइंडिंग खात्याच्या दारात, सुताच्या कांड्यांच्या क्रेटना डोकं टेकून उताणा पडला होता. आत्ता आत्ता तर तो ओरडत होता. सोनालीच्या धाकट्या बहिणीनं, प्रियंकानं, क्रेट भलत्याच रांगेत लावला म्हणून तिच्या सात पिढ्या काढत होता, आणि बोलता बोलता मधेच गप्प झाला, भिंत धरून खाली बसला, मग आडवा झाला. घशातून एकदा घोरल्यासारखा आवाज आला आणि तोही थांबला. बायका किंचाळत मागं सरल्या. गडी नुसते बघत उभे राहिले. इलेक्ट्रिशियन चन्नवीर तेवढा भानावर होता. त्यानं कपाट उघडून हातमोज्याचा डबा सोनालीकडं फेकला आणि फोन कानाला लावून गेटकडं पळाला. हातमोज्याचं शिक्षण घेतलेली ही दोनच माणसं त्या पाळीत होती.

मशीनं बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या धडधडाटात बाईचा आवाज कधी ऐकू यायचा, कधी नाही. पण हातमोज्याच्या पाठीवर दिवा होता. नीट खोल दाबलं की हिरवा, कमी पडलं की लाल. आवाज नाही आला तरी दिवा दिसत होता, आणि सोनालीला तेवढं पुरे होतं.

हा हातमोजा कारखान्यात आला तो काही मालकाच्या दयेपोटी नव्हे. इथले टॉवेल परदेशात जायचे. तिथल्या गिऱ्हाइकानं कळवलं, कामगारांच्या जिवाची सोय दाखवा, नाहीतर माल राहू दे तुमच्यापाशी. मग पुण्याहून एक मुलगी रबराचा बाहुला घेऊन आली. बायका लाजल्या, गड्यांनी टिंगल केली. सोनालीनं मात्र पहिल्याच फटक्यात हिरवा लावला आणि शेवटपर्यंत हिरवाच ठेवला. "अगं सोड त्याला, उठून चहा मागंल आता!" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळं खातं खदाखदा हसलं होतं. बाळासोसुद्धा हसला होता. "माजी भाची हाय ती," असं त्यानं त्या पुण्याच्या मुलीला छाती फुगवून सांगितलं होतं.

भाची म्हणजे मानलेली. बाळासो केम गावचा, यांच्याच आळीतला. सोनालीची आई केराबाई त्याला लहानपणापासून राखी बांधायची. नवरा गेला तेव्हा दोन पोरी घेऊन बाई उघड्यावर पडली असती, पण बाळासोनं तिघींना सोलापुरात आणलं, भवानी पेठेत खोली बघून दिली, आधी सोनालीला आणि मग प्रियंकाला कारखान्यात चिकटवलं. केराबाई देवाच्या आधी त्याचं नाव घ्यायची. घरात कोरड्यास चांगलं झालं की पहिली वाटी मामाला.

आणि हाच मामा वर्षभर प्रियंकाला गोदामात बोलवत होता. मालाच्या गाठी मोजायला.

प्रियंकानं हे सांगितलं त्याला आठवडा होऊन गेला होता. नळावर कपडे पिळता पिळता, मान वर न करता ती म्हणाली होती, "अक्का, मामा मला हात लावतो." सोनालीच्या हातातला पिळा तसाच राहिला. मग प्रियंका आणखी हळू म्हणाली, "नुसता हात न्हाय."

सोनालीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिथंच, ओल्या हातांनी तिनं बहिणीला जवळ घेतलं आणि सांगितलं, "मी बघते काय करायचं ते. तू एकटी न्हाईस." बोलून तर बसली. पण बघायचं काय? आईला सांगावं तर ती ऐकूनच खचली असती, किंवा त्याहून वाईट, तिनं विश्वासच ठेवला नसता. चौकीवर जावं तर उद्या सगळ्या पेठेत पोरीचं नाव. मालकाकडं जावं तर बाळासो त्याचा उजवा हात. रोज सकाळी प्रियंका डोळ्यांनी विचारायची आणि रोज सोनाली पदराशी चाळा करत नजर चुकवायची. स्वतःचीच तिला चीड आली होती.

आणि आता तोच बाळासो तिच्या दोन हातांखाली होता.

"छान. असंच चालू ठेवा," बाई म्हणाली.

घाम सोनालीच्या नाकाच्या शेंड्यावरून त्याच्या छातीवर टपकत होता. तिनं क्षणभर मान वर केली. समोर बायकांचा घोळका, तोंडावर पदर, डोळ्यांत पाणी. त्यांच्यात प्रियंका. तिच्या तोंडावर पदर नव्हता आणि डोळ्यांत पाणीही नव्हतं. ती मामाकडं बघतच नव्हती. ती सोनालीच्या हातांकडं बघत होती.

किती सोपं आहे, सोनालीला वाटलं. काहीच करायला नको. नुसतं थोडं कमी करायचं. हात छातीवरच राहतील, वरखाली होतील, बघणारा म्हणेल बिचारी जिवाचं रान करतेय. कोण मोजायला बसलंय? तिला स्वतःची भीती वाटली, पण विचार गेला नाही. उलट तो विचार आल्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं.

तिनं कोपर सैल सोडले.

दिवा लाल झाला.

"अजून खोल दाबा," बाई म्हणाली. "अजून खोल."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. सोनाली ज्या मशीनवर उभी राहायची त्यावर ओळीनं कांड्या फिरायच्या आणि प्रत्येक कांडीच्या डोक्यावर एक दिवा असायचा. धागा तुटला की तिथं लाल. पळत जायचं, टोक शोधायचं, गाठ मारायची, दिवा हिरवा झाला की पुढचा लाल गाठायचा. हेच काम ती इतकी वर्षं करत आली होती की लाल दिसला की डोकं मागं राहायचं आणि हात पुढं जायचे. एखाद्या लग्नाच्या मांडवात लाल बल्ब लुकलुकला तरी तिची बोटं वळवळायची. त्यावरून प्रियंका तिला चिडवायची.

तर दिवा लाल झाला आणि सोनालीचे हात खाली गेले. तिनं नेले नाहीत, ते गेले. कोपर ताठ झाले, खांदे वर आले, सगळं वजन तळहातात उतरलं. हिरवा. तिनं पुन्हा ढिलं करायचा प्रयत्न केला असेल नसेल, तोवर लाल, आणि पुन्हा हात खाली. हिरवा. हिरवा. हिरवा. छातीत काहीतरी कटकन मोडल्याचं तिला तळव्याला जाणवलं, बरगडी असणार. तरी हात थांबले नाहीत.

"दाबत राहा," बाई म्हणाली. "थांबू नका. दाबत राहा."

दवाखान्याची गाडी आली. पांढऱ्या कपड्यातल्या पोरानं तिला खांद्याला धरून बाजूला केलं, बाळासोच्या छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. झटका दिला. आणखी एक दिला. मग त्यानं मानेला बोटं लावली आणि तोंडभर हसला.

"लागली नाडी! कोण दाबत होतं? ताई, तुम्ही नसता तर हा माणूस गेला होता बघा."

खात्यात टाळ्या वाजल्या. सोनालीला दोघींनी धरून उठवलं. तिनं घोळक्यात बघितलं, तर प्रियंका नव्हती.

मालकानं शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. तो फोटो तासाभरात सगळ्या भवानी पेठेत फिरला. केराबाईनं खोलीखोलीत पेढे वाटले आणि येईल त्याला सांगितलं, "माज्या पोरीनं माजा भाऊ यमाच्या हातातनं वडून आणला." रात्री तिनं सोनालीचे तळवे आपल्या गालांना लावून घेतले आणि लहान मुलीसारखी रडली. सोनाली दगड होऊन बसली होती.

प्रियंका बोलायची बंद झाली. कामावर जायची, यायची, भाकरीचा तुकडा मोडायची, भिंतीकडं तोंड करून झोपायची. मामा दवाखान्यात असल्यामुळं गोदामाला कुलूप होतं, तरी ती त्या बाजूनं जायची नाही. एका रविवारी आई मामाला बघायला गेली असताना प्रियंका तांदूळ निवडत होती. ताटातून डोळे न काढता ती म्हणाली,

"अक्का, तू कमी केलं व्हतंस."

सोनाली चूल पुसत होती. तिनं फडकं खाली ठेवलं.

"मी बगितलं," प्रियंका म्हणाली. "तुजे हात ढिले पडले. मला वाटलं, अक्कानं आपलं ऐकलं. मग परत का दाबलंस?"

काय सांगणार? माणुसकी म्हणून, असं सांगता आलं असतं. मालकानं भाषणात तसंच सांगितलं होतं. पण बहिणीशी खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"लाल लागला गं," ती म्हणाली.

प्रियंकानं पहिल्यांदा वर बघितलं. मग तिच्या तोंडातून हसल्यासारखा काहीतरी आवाज आला आणि ती ताट तिथंच टाकून मोरीत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. तो लवकर बंद झाला नाही. सोनाली मोरीच्या दाराशी उभी राहिली, दोनदा "पिये" म्हणाली, आणि मग तिथंच उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडली.

बाळासो घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी केराबाई जिना चढून धापा टाकत वर आली. काखेत हातमोज्याचा डबा होता.

"मालकानं हा मामाच्या घरी ठेवायला दिलाय. देवमाणूस हाय मालक. डागदर म्हणला, परत कवाबी येऊ शकतंय. घरात कुणीतरी शिकलेलं पायजेच. मामी म्हणती, मला भ्या वाटतं बाई त्या बोलणाऱ्या वस्तूचं, माजं हात थरथरत्यात." तिनं डबा कपाटाशी ठेवला आणि पदरानं मान पुसली. "तवा मी शब्द दिलाय. पियू जाईल म्हणलं म्हैनाभर. मामाचं बी तेच म्हननं पडलं, पियूलाच धाडा. सोनाली, तू तिला शिकीव आज."

प्रियंका भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या ओढणीचं टोक तिनं मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

"पियू न्हाय जायाची," सोनाली म्हणाली.

"आन का गं? मी जबान दिऊन आले की!"

सोनाली आईकडं बघत राहिली. सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. आईच्या तोंडावर अजून भावाला घरी बसून चहा पिताना बघितल्याचा आनंद होता.

"तिला जमायचं न्हाय," ती म्हणाली. "मी जाते."

"आन तुजं काम?"

"रजा टाकते. मालक दील मला."

केराबाईनं लेकीची दृष्ट काढत कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "गं माजी बया! मग तर काय बगायलाच नगो. डागदर घरात असल्यागत हाय की ते! मामाला लई बरं वाटंल बग."

दुपारी सोनालीनं पिशवी भरली. दोन साड्या, कंगवा, टॉवेल. केराबाईनं स्वतःच्या हातानं डबा पिशवीवर ठेवला, झाकण नीट बसलंय का बघितलं आणि मामीसाठी चटणी बांधायला आत वळली. सोनालीनं डबा उचलला. क्षणभर हातात धरला. मग पिठाच्या पत्र्याच्या डब्यामागं, भिंतीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. प्रियंका बघत होती. तिनं पुढं होऊन पिशवी उचलली आणि बहिणीच्या पुढं जिना उतरायला लागली.

खाली रिक्षा उभी होती. प्रियंकानं पिशवी आत ठेवली, सोनालीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिचा हात गार होता.

"अक्का, संबाळून ऱ्हा," ती म्हणाली. त्या रविवारनंतर ती पहिल्यांदाच आपण होऊन बोलली होती.

"दार लावून घेत जा रात्रीचं," सोनाली म्हणाली आणि आत बसली.

रिक्षा सुरू झाली तेवढ्यात वरच्या गॅलरीतून केराबाईचा आवाज आला. ती कठड्यावरून अर्धी बाहेर वाकली होती, एका हातात चटणीची पुडी आणि दुसऱ्या हातात तो डबा.

"सोनाले! अगं थांब की! हेच ऱ्हायलं की गं हितं!"

रिक्षावाल्यानं मान वळवून वर बघितलं, मग सोनालीकडं.

"कायतरी ऱ्हायलं वाटतं, ताई. थांबू का?"

सोनालीनं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकावर एक ठेवले.

"नगं," ती म्हणाली. "चला तुमी."