पाहुण्यांच्या गाड्या गेटबाहेर

हरिओमने पळत येऊन पिकअपपुढे हात आडवा केला, तेव्हा गाडीचं पुढचं चाक त्याच्या फाटकाला टेकायचंच बाकी होतं.

"दादा, इथं न्हाई! इथं लावता येत न्हाई."

पुंजारामने इंजिन बंद केलं. त्याला वाटलं, धाकटा भाऊ थट्टा करून राह्यला. शेजारी द्वारकाबाई गुडघा चोळत बसली होती. तिचं दुखणं जालन्यात डॉक्टरला दाखवायचं आणि चार दिवस दिराकडे राहायचं, असं ठरवूनच दोघं केदारखेड्याहून निघाले होते. मागे हौद्यात भावासाठी घरच्या गव्हाचं पोतं होतं. आदल्या दिवशी बाजारात नेलेल्या मिरच्यांचा उग्र वास अजून गाडीला येत होता, आणि चिखल तर असा माखलेला की गाडीचा मूळ रंग कोणता, हे मालकालाही सांगता आलं नसतं.

बरं, नियम केला कोणी? हरिओमनेच! कॉलनीचा सेक्रेटरी झाल्या झाल्या त्याने गेटवर फलक लावला. घरच्या माणसांच्या गाड्या दारापुढे, पाहुण्यांच्या गाड्या गेटबाहेर मोकळ्या मैदानात. रस्ता अरुंद, रोजची भांडणं, त्यामुळे नियमात तसं वावगं काही नव्हतं. पण तो लागू करताना या गड्याच्या अंगात भलताच जोर यायचा. मागच्याच आठवड्यात समोरच्या मुझफ्फरचे म्हातारे सासरे आल्ते, तर त्यांची जीप यानेच बाहेर काढायला लावली होती. वर "नियम म्हणजे नियम" असं चारचौघांत सुनावलंही होतं.

आता तोच मुझफ्फर आपल्या दारात उभा होता. वरच्या गॅलऱ्यांतूनही दोन-तीन माना बाहेर आल्या होत्या.

"सेक्रेटरीसाब, बडे भाई आहेत ना तुमचे?" मुझफ्फर म्हणाला. "घरचाच माणूस की. राहू द्या."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, हरिओमला भांडता तरी आलं असतं.

'हो, घरचाच' एवढंच म्हणायचं होतं. जीभ काही झडत नव्हती. पण हरिओमने एकदा त्या चिखलाच्या गाडीकडे पाहिलं आणि एकदा गॅलरीतल्या मंडळींकडे.

"न्हाई, न्हाई. पाहुणे आहेत," तो म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा."

पुंजारामने भावाकडे पाहिलं. रागाने नाही. चांगला माल कुणी पडत्या भावात मागितला की शेतकरी पाहतो, तसं पाहिलं.

"बराबर हाय," तो म्हणाला आणि त्याने गाडी मागे घेतली.

मैदानातून घरापर्यंत द्वारकाबाई भिंतींचा आधार घेत, थांबत थांबत आली. तिच्या मागून पोतं खांद्यावर घेतलेला पुंजाराम. हरिओम पोतं घ्यायला धावला, तर पुंजाराम नुसतं "असू दे" म्हणाला. सगळी कॉलनी बघत होती आणि हरिओमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाव नियमाचं पुढे केलं, पण खरी लाज वाटली ती त्या चिखलाची. हे मुझफ्फरला कळलं नसेलही. दादाला कळलं होतं.

रात्री जेवताना पुंजाराम कुरकुरला नाही. उलट हरिओमच्या बायकोच्या, तृप्तीच्या हातच्या वरणाची त्याने तारीफ केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडून आल्यावर मात्र द्वारकाबाई पिशवी भरायला लागली.

"ताई, चार दिवस राहणार होता ना?" तृप्तीने विचारलं.

"गाडी तिकडं उघड्यावर हाय बाई. यांना रातभर झोप न्हाई."



पुंजाराम निघायचं सोडून खुर्चीवर नीट बसला. डोक्यावरची टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली.

"तृप्ती, पाहुण्याला रिकामं लावून देत न्हाईत. टॉवेल-टोपी आन."

हरिओम हसायला गेला, पण हसू काही जमलं नाही.

"काहून थट्टा करून राह्यले दादा? घरच्या माणसाला कुठं टॉवेल-टोपी असती?"

"घरच्याला नसतीच," पुंजाराम म्हणाला आणि वाट पाहत बसला.

तृप्तीने नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने कपाटातून टॉवेल-टोपी काढून आणली. हरिओमने ती टोपी दादाच्या पांढऱ्या केसांवर ठेवली. ती वाकडी बसली. पुंजारामने सरळ केली. हरिओम पाया पडला, तेव्हा त्याने पाठीवरून हातही फिरवला.

मैदानापर्यंत हरिओम सोबत गेला. द्वारकाबाईला वर चढवून पुंजाराम गाडीत बसला आणि त्याने काच खाली केली.

"तूबी ये कधी गावाकडं. पोरांना आन. दोन दिवस पाहुणचार घे," तो म्हणाला. "गाडी बिनधास्त दारापुढं लाव. आमच्याकडं पाहुण्याला कोनी अडवत न्हाई."

ते घर हरिओमचंही होतं. तिथे त्याला 'ये' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, तशी कधी गरजच पडली नव्हती.

"येतो दादा," तो म्हणाला.