साच्यावर फोडलेला नारळ

नारळ फोडताना मारुतीराव हलगेकरांचे डोळे मिटलेले होते. बाकी सगळ्यांचे उघडे होते. पुढं जे घडलं ते एवढ्यावरनंच घडलं.

पिरनवाडीच्या अलीकडं बेळगावच्या काही कारखानदारांनी मिळून एक प्रशिक्षण केंद्र काढलं होतं. डिप्लोमा करून फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, काही वर्षं धग सोसलेली पोरं-पोरी तिथं वरचा कोर्स करायला येत. आठवडाभर आपापल्या कारखान्यात काम करायचं आणि शनिवारी केंद्रावर शिकायचं. कारखान्यातलं कामसुद्धा परीक्षेतच धरलं जाई. कोर्स पुरा झाला की माणूस शिफ्ट सांभाळायला लायक ठरे. वाळू, भट्टी, धातू हे शिकवायला दुसरे शिक्षक होते. मारुतीराव केंद्राचे प्रमुख आणि त्यांचा विषय एकच, माणसं कशी चालवायची. वेळापत्रकात त्याला नेतृत्व म्हणत. पोरं म्हणत, "आण्णांचं कीर्तन."

त्यात खोटं काही नव्हतं. मारुतीराव मूळचे बेळगुंदीचे. गावच्या सप्ताहात मिसरूड फुटायच्या आधीपासनं ते बुवांच्या मागं टाळ घेऊन उभे राहिलेले. कुठं कीर्तन आहे म्हटलं की पायात चपला सरकवून निघालेच. वर्गातही बोलता बोलता सूर लागायचा, हात आपोआप टाळाच्या चालीवर हलायचे. म्हणायचे, "पुढारी म्हंजे बुवा रं! आन् मागचे टाळकरी एका जीवानं हुबे ऱ्हायले तरच बुवाचा सूर वर चढतोय." पोरांना ते पटायचं. माणूस मायेचा होता. कुणाच्या घरी आजारपण आलं तर आण्णा आधी पोचायचे, मग डॉक्टर.

दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते. केंद्र कुणाच्या हाती द्यायचं हे समितीनं त्यांच्यावरच सोपवलं होतं, आणि त्यांनी मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. विक्रमच्या. विक्रम त्यांच्याच गावचा, बाप लहानपणीच गेलेला, आई मनुबाई. कामात हात सोन्याचा, बोलणं मऊ, सप्ताहात आण्णांच्या शेजारी टाळ घेऊन उभा. आण्णांनी अर्धा शब्द उच्चारावा आणि विक्रमनं उरलेला पुरा करावा. असा शिष्य मिळायला भाग्य लागतं, असं ते घरात वरचेवर म्हणायचे.

शेवटच्या परीक्षेचा दिवस आला. पोरांनी स्वतः बांधलेल्या साच्यात स्वतःच्या हातानं लोखंड ओतायचं होतं. बेंगळूरहून परीक्षक बाई आल्या होत्या. कारखानदार मंडळी आली होती. केंद्राची चाल अशी की पहिल्या ओतणीआधी नारळ फुटायचा, दाराजवळच्या दगडावर. पण त्या दिवशी पाहुण्यांच्या खुर्च्या नेमक्या त्या दगडाला टेकून मांडलेल्या.

"ऱ्हाऊ दे, मोठ्या माणसांस्नी कशाला उठवताय?" आण्णा हसत म्हणाले. "देव काय त्या धोंड्यातच बसलाय व्हय? पोरांनी येवढा साचा बांधलाय, त्योच आमचा देव."

आणि ते नारळ घेऊन साच्यापाशी गेले. वाळू भरलेली लोखंडी चौकट, तिच्या मधोमध धातू आत जायचं तोंड. आण्णांनी डोळे मिटले, विठ्ठलाचं नाव घेतलं, तिथंच मान डोलावत दोन ओळी म्हटल्या आणि चौकटीच्या कडेवर नारळ आपटला. एका घावात फुटला. सगळ्यांनी जयजयकार केला. पाणी निम्मं बाहेर सांडलं आणि निम्मं साच्याच्या तोंडातनं सरळ आत गेलं.

आण्णांनी डोळे उघडले तेव्हा वाळू पाणी पिऊन मोकळी झाली होती.

"चला माउली!" ते विक्रमला म्हणाले. "ओत."

विक्रमनं साच्याकडं बघितलं. मग आण्णांकडं बघितलं. मान हलवली आणि ओतलं.

पाणी गेलेल्या साच्यात वितळलेलं लोखंड पडलं की काय होतं, हे फौंड्रीत पाऊल टाकणाऱ्याला सगळ्यात आधी सांगतात. पाण्याची वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला वाट हवी असते. धप्प असा आवाज झाला, जमिनीखालनं कुणीतरी लाथ मारावी तसा. साच्याच्या तोंडातनं लाल कारंजं उसळलं. किंकाळी कुणाची ते आण्णांना कळलं नाही. ठिणग्यांच्या पलीकडं विक्रम गुडघ्यावर बसलेला दिसला, आणि त्याची बाही जळत होती.

* * *

दवाखान्याच्या व्हरांड्यात मनुबाई बसली होती. आण्णांना वाटलं, आता ही आपल्याला शिव्या घालणार. ती उठली आणि त्यांच्या पायाला हात लावला.

"डोळं वाचलं ओ आण्णा. चष्मा हुता म्हणून. हात आन् मान भाजलीया, पर डोळं वाचलं." ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "तुमच्या हातचा नारळ फुटला हुता, देवानंच राखलं बगा."

आण्णांनाही तसंच वाटत होतं. अपघाताचं कारण एव्हाना सापडलं होतं. वाळू तयार करायचं काम युवराजकडं होतं. निपाणीजवळचा हा पोरगा, हसरा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चौकशीला बसलेल्यांनी विचारलं तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला होता, "वाळूत वल जास्त राहिली असंल. चुकलं माझं." त्याची परीक्षा रद्द व्हायची आता, बहुतेक नोकरीवरही गदा यायची.

आत विक्रम उशीला टेकून बसला होता. हात खांद्यापर्यंत पट्टीत, मानेवर मलम. आण्णांना बघून उठू लागला.

"पड रं, पड." आण्णांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "युवराजनं घात केला की रं तुझा. वाळू वली ठेवलाय भाड्या."

 विक्रम छताकडं बघत राहिला. मग त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि कानाकडं ओघळलं.

"दुखालंय व्हय?"

"युवराजचं काय चुकलं न्हाय ओ आण्णा. वाळू बरोबर हुती. मी सोता हातात घेऊन बघितलतो."

"मग?"

"नारळाचं पाणी."

आण्णांना आधी समजलंच नाही. कुठलं पाणी, असं त्यांनी विचारलंसुद्धा. मग समजलं आणि खाटेची दांडी त्यांनी घट्ट धरली.

"साच्यात गेलं?"

"व्हय."

"तू बघितलास?"

"बघितलो की."

"बघून ओतलास?"

विक्रम लहान पोरासारखा त्यांच्याकडं बघत होता. "तुमचा नारळ हुता आण्णा. येवढी मोठी माणसं बसलेली. तुमच्या नारळानं साचा बाटला म्हणून कसं सांगू? मला वाटलं, थोडंच पाणी हाय... देव बघंल."

बाहेर व्हरांड्यात मनुबाई कुणाला तरी सांगत होती, आण्णा आल्यात, आता काय काळजी न्हाय. आण्णांना ते शब्द ऐकू येत होते.

* * *

शनिवारी त्यांनी सगळ्यांना वर्गात बसवलं. फळा पुसला, खडू घेतला, काही न लिहिता परत ठेवला.

"नारळाचं पाणी साच्यात जाताना कुणी कुणी बघितलं?"

कुणी हललं नाही.

"परीक्षा न्हाय ही. रागवत न्हाय मी. हात वर करा."

आधी युवराजचा हात वर गेला. मग मागच्या बाकावरचा. मग एकेक करत सगळे. आण्णांनी वर्गभर नजर फिरवली. खाली राहिलेला एकही हात दिसला नाही. सप्ताहाच्या मांडवात गजर टिपेला पोचला की असेच हात वर जातात. त्या वेळी त्यांच्या अंगावर काटा येई. आताही आला, पण तो वेगळा होता.

"युवराज, मग तू माझं चुकलं म्हणून का सांगिटलास?"

"तुमच्या नारळावर आळ येण्यापरास माझ्या वाळूवर आल्याला बरा की आण्णा." तो हसला, नेहमीसारखा. "वाळूला काय, अब्रू हाय व्हय?"

 एका माणसाची रोजीरोटी जात होती आणि तो ती हसून देत होता, आणि ह्याला आपण आजवर एकजीव म्हणत आलो. आण्णा खुर्चीवर बसले. त्याच दुपारी त्यांनी समितीला सगळं सांगून युवराजवरचा आळ उतरवला, पण ते नंतरचं. आता त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती.

"अरं, पर तुमच्यातल्या एकाला तरी तोंड हुतं का न्हाय? थांबा म्हणायला कितीसा येळ लागतोय?"

पुढच्या बाकावरनं निशा मगदूम उठली. चिकोडीकडच्या जैन घरातली. कारखान्यात दहा पुरुषांवर देखरेख करणारी, आणि केंद्रावर वाद घालते म्हणून आण्णांकडनं नेहमी बोलणी खाणारी.

"मी एक पाऊल पुढं टाकलते सर," ती म्हणाली. "मग तुमचं आठवलं."

"माझं काय?"

"पावसाळ्यात एकदा तुम्ही शिकवताना मी मधीच बोलले, असं न्हवं तसं म्हणून. तवा तुम्ही म्हणालात, बुवा उभा असताना टाळकऱ्यानं तोंड उघडू न्हाय. सगळी हसली. मी पण हसले. साच्यापाशी ते आठवलं तसं पाऊल मागं घेतले."

आण्णांना ते आठवलं. चांगलं आठवलं, कारण तेही खूप हसले होते.

आणि ते त्यांचं बोलणं धडधडीत खोटं होतं. बेळगुंदीच्या मांडवात एकदा नावाजलेले बुवा रंगात येऊन अभंगाचं चरण चुकले, तेव्हा म्हातारा भरमू टाळकरी साऱ्या गावासमोर टाळ थांबवून म्हणाला होता, "बुवा, चुकलासा, मागं या." बुवा मागं आले, त्यांनी चरण नीट धरलं आणि कीर्तन संपल्यावर भरमूच्या पायावर डोकं ठेवलं. आण्णा तेव्हा भरमूच्या शेजारीच उभे होते. ही गोष्ट त्यांनी कित्येकांना सांगितली होती, बुवांचा मोठेपणा म्हणून. भरमूबद्दल ते कधी बोललेच नव्हते.

* * *

परीक्षा पुन्हा ठरली. साचा नवा बांधला. भट्टी अजून पेटवायची होती. पाहुणे बोलावले नव्हते, नुसत्या परीक्षक बाई. विक्रम पट्टीतला हात गळ्यात अडकवून आला होता. त्याची ओतणी नव्हती, पण केंद्र कुणाला द्यायचं याचा आण्णांचा निरोप समितीला अजून गेला नव्हता आणि विक्रमला ते ठाऊक होतं.

आण्णांनी पिशवीतनं नारळ काढला. दाराजवळचा दगड आज मोकळा होता, धुऊन हळद-कुंकू लावलेला. ते त्याच्यावरनं पुढं गेले आणि साच्यापाशी येऊन उभे राहिले. डोळे मिटले. विठ्ठलाचं नाव घेतलं. हात वर केला.

सगळं चिडीचूप.

आता बोलतील, असं त्यांना वाटलं. येवढं घडून गेल्यावर तरी. शेजारीच विक्रमचा श्वास ऐकू येत होता, जोरजोरात, डोंगर चढल्यासारखा. बोल पोरा, आण्णा मनात म्हणत होते, बोल. हात भरून आला. कुणी खोकलं. विक्रमचा श्वास मधेच थांबला, ओठ सुटल्याचा आवाज आला आणि शब्द काही आला नाही.

आण्णांना उमगलं. माझ्या पोराला मी काय करून ठेवलंय हे. त्यांनी नारळ आपटायला हात खाली आणला.

"ब्याड री! ब्याड!" नको, नको म्हणून कानडीतनं किंकाळी फुटली. त्यांचं मनगट कुणीतरी हवेतच पकडलं. "तितं न्हाय म्हंते न्हवं! डोळं उघडा आदी! दिसत न्हाय व्हय तुम्हाला?"

त्यांनी डोळे उघडले. निशा त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून उभी होती. आणि मारुतीरावांना, टाळ धरून जन्म काढलेल्या त्या माणसाला, सगळ्यात आधी राग आला. नाकपुड्यांपर्यंत चढलेला राग. एवढीशी पोरगी सगळ्यांसमोर माझा हात धरते! स्वतःच्या त्या रागाचंच त्यांना इतकं भय वाटलं की नारळ त्यांनी मुकाट्यानं तिच्या हाती दिला.

"कुठं फोडायचा, तूच सांग बाई."

"त्या दगडावर. आनी कुठं?" नारळ परत त्यांच्या हातात देताना ती अजून ओरडतच होती.

ते दगडाकडं चालू लागले. वाटेत विक्रम उभा होता. त्यानं चांगला हात पुढं करून त्यांची बाही धरली.

"मला आताबी बोलवंना ओ आण्णा." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तिकडं लोखंड असतं तरी बोलवलं नसतं. केंद्र मला देऊ नका. तिला द्या."

आण्णांनी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. मागं निशा युवराजला साच्याचं तोंड झाकायला सांगत होती, आणि युवराज हसत म्हणत होता, "झाकतो की बाई, नरडं फुटंल तुजं."

मारुतीराव दगडापाशी वाकले. या खेपेला डोळे उघडे ठेवून.