डाव्या कुशीवर बारा

भिंत हलतेय असं थापीवालीला तिसऱ्यांदा वाटलं, तेव्हा तिनं ओळंबा लावून पाहिला. दोरी सरळ, भिंतही सरळ. म्हणजे हलत होती ती स्वतःच.

गवंडीकामात अकरा वर्षं बसलेला हात तिचा. पण गेले सहा महिने परांचीवर मान वर केली की जग गरकन फिरायचं. मग ती बांबूला मिठी मारून गिलावा न्याहाळल्याचं सोंग करायची. दवाखान्यात दोनदा जाऊन आली. डॉक्टरांनी मान वर न करता अशक्तपणा लिहिला, लाल औषध दिलं. सासूबाईंच्या मते हे उपाशीपोटी कामावर पळण्याचं फळ. नवरा म्हणे, काम सोड, चक्करही सुटेल. आणि मुकादमाला कळलं, तर थापी कायमची खाली. कुणाच्या अंदाजावर थापी ठेवायला ती तयार नव्हती.

लेकीला नुकतेच वीसपर्यंत आकडे यायला लागले होते आणि ती दिसेल ते मोजत सुटली होती. "आई, चल, आपण तुझी चक्कर मोजू," ती म्हणाली. संध्याकाळी आई पोटभर जेवून डाव्या कुशीवर वळली, तर चक्कर थांबेपर्यंत लेकीचे बारा आकडे झाले. सकाळी उपाशीपोटी, पुन्हा बारा. उजव्या कुशीवर काहीच नाही. चौथ्या दिवशी लेक नाकाला नाक लावून म्हणाली, "आई, तुझे डोळे पळतायत."

लेकीला कडेवर घेऊन ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांचं पेन पुन्हा अशक्तपणाकडेच निघालं होतं.

"लिहा नंतर," ती म्हणाली. "आधी मला डावीकडे निजवून डोळे बघा. तोवर मी हलत नाही."

आठ्या घालत त्यांनी तिचं डोकं वळवून तिला निजवलं. लेकीनं खणखणीत मोजायला सुरुवात केली. पाचला आठ्या गेल्या. बाराला पळणारे डोळे थांबले, पेनाला टोपण लागलं आणि डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसले. "कधीपासून होतंय? सगळं सांगा."

दोष कानात निघाला. डोकं ठरावीक रीतीनं वळवून बरा होण्यासारखा. तोवर उंचावर मात्र चढायचं नाही.

लेकीला घरी सोडून ती थेट कामावर गेली आणि मुकादमाला सगळं सांगून टाकलं, लपवलं होतं तेसुद्धा. तो परांचीकडे बघत म्हणाला, "मग वहिनी, घरीच बसा आता."

"घरी कशाला? भिंती काय वरून सुरू होतात? बरी होईपर्यंत खालच्या माझ्या. एक जरी वाकडी निघाली, तर बोला."

तिनं ओळंबा सोडला. गोळा दोनदा झुलला आणि थांबला.