झिजलेला शब्द

खंडेनवमीला चाकणच्या त्या कारखान्यात यंत्रांची पूजा असते. कामगारांच्या घरचीही माणसं येतात. यंदा सुमनताई आल्या, मुलगी विजयश्रीला घेऊन. उन्हाळ्यात त्यांचा नवरा समाधान पत्रा दाबायच्या ज्या प्रेसमध्ये सापडून गेला, त्या प्रेसलाही झेंडूचा हार होता.

मॅनेजरसाहेब हात जोडून म्हणाले, "व्हेरी व्हेरी सॉरी, वहिनी. पण त्यांना त्रास काहीच झाला नाही. क्षणात संपलं सगळं."

सुमनताईंनी मान हलवली. नवऱ्याबद्दल आजवर जो तो हेच सांगत आला होता, एकाच साच्यातून काढल्यासारखं. साहेब पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "विजू, व्हेरी म्हंजे काय गं?"

"फार." विजयश्री कॉलेजात इंग्रजी शिकत होती. "पण आमच्या मॅडम सांगतात, आधी त्याचा अर्थ 'खरा' असा होता. लॅटिनमधून फ्रेंचांकडे आला, तिथून इंग्रजांकडे. बोलता बोलता खरेपणा झिजला, नुसतं फार उरलं."

"जात्यागत. झिजलं की छिन्नीनं टाकवून आणावं लागतं, नाहीतर नुसतंच फिरतं." सुमनताई हाराकडे बघत राहिल्या. "साहेब दोनदा म्हणाले. एकदाच, पण खरं म्हणाले असते..."

मागे नारळ सोलत बसलेल्या भीमराजचे हात थांबले. तो समाधानचा जोडीदार, त्याच शिफ्टचा.

"वहिनी," तो नारळाकडेच बघत म्हणाला, "क्षणात न्हाई गेला तो. दवाखान्यात नेताना गाडी चौकात अडकली, तवा शुद्धीवर होता. माझा हात धरून."

"दुखत होतं?"

"व्हय. लई."

विजयश्रीनं आईचा दंड घट्ट धरला.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, सुमीला सांगू नको दुखलं म्हणून. म्हणून आमी समदे एकच सांगत आलो."

सुमनताईंच्या ओठांवर आईच्या जात्यावरची ओवी आली, आवाज न करता.

तुझं दुखनं साजना, अर्धं माझ्या पदरात
कसं एकल्यानं नेलं, गाठ बांधून उरात

पूजेच्या ताटाला त्यांनी अजून हात लावला नव्हता, आताही लावला नाही. पुढे होऊन प्रेसच्या गार लोखंडावर तळवा ठेवला, तापल्या कपाळावर ठेवावा तसा.

"सांगा भावजी," त्या म्हणाल्या. "चौकापासून सांगा. काही गाळू नका."

भीमराजनं नारळ खाली ठेवला.