शेवटची पिसू

कुत्र्याला दोन गुडघ्यांत धरून नोएमीनं त्याच्या पाठीवरून बारीक दातांची फणी ओढली. फणीत अडकलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवली आणि फणी पुन्हा मानेपाशी लावली. वाटीच्या बुडाशी वीस-बावीस काळे ठिपके जमले होते. तिला किळस येत नव्हती. कशाचंच काही वाटत नव्हतं.

परसाच्या भिंतीवरून शेजारची तुलिया बघत होती.

"काल तुझ्या हातात दिला तेव्हा एक पिसू नव्हती हो त्याच्या अंगावर," ती म्हणाली. "रोज विंचरत होते मी. हे तुझ्या घरातलं आहे."

ते खरंच होतं. सात आठवडे घर बंद होतं. थोरली बहीण लिहिया मानिसालेस शहरातल्या इस्पितळात होती आणि नोएमी तिच्या खाटेशेजारच्या खुर्चीत. लिहियाला पुरल्यावर आठ दिवस भाच्याकडे काढून काल दुपारी नोएमीनं सालामिना गावातल्या आपल्या घराचं कुलूप उघडलं. ओसरीवरून स्वयंपाकघरापर्यंत जाते तोच घोट्यांना टोचायला लागलं. तिनं खाली पाहिलं. पांढऱ्या मोज्यांवर मिरपूड सांडल्यासारखी दिसत होती, आणि ती मिरपूड उड्या मारत होती.

"लिहिया असती तर गल्ली गोळा केली असती किंचाळून," तुलिया म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

"हो," नोएमी म्हणाली.

ती इस्पितळात रडली नव्हती, दफनभूमीतही नाही. म्हणून तुलिया उतू जाणाऱ्या दुधावर ठेवावी तशी तिच्यावर नजर ठेवून होती.

"आणि ह्याचं काय करणार?"

"दुबेर्नेय नेणार आहे शेतावर. पुढच्या महिन्यात."

ती निघताना भाच्यानं म्हटलं होतं, आत्या, तुझ्या डोक्याला ताप नको, कुत्रा मी घेऊन जातो. ती बरं म्हणाली होती. कुत्रा लिहियाचा होता, लिहियाच्या पलंगाखाली झोपायचा. कानेलो हे नावही तिनंच ठेवलेलं. नऊ वर्षांत नोएमीनं त्याला 'ए' याखेरीज कशानं हाक मारली नव्हती.

बाजारामागच्या दवाखान्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कुत्र्याचे कान उलटून पाहिले.

"गोळी देते. ह्याच्या अंगावरच्या उद्यापर्यंत मरतील. पण त्या मोजक्याच, नोएमीबाई. बाकी सगळं घरात आहे. अंडी, अळ्या, कोष. जमिनीच्या फळ्यांच्या फटींत, पलंगांखाली."

"घरात तर कोणी नव्हतं."

"म्हणूनच. पिसू कोषात थांबून राहते, महिनोन्‌महिने. पाऊल वाजलं, अंगाची ऊब लागली की बाहेर येते. तुम्ही दार उघडलंत, त्यांना कळलं, कोणीतरी आलं."

नोएमीनं पिशवीची चेन ओढली. "कुत्रा शेतावर जाणार आहे."

"मग त्या तुम्हालाच खातील. तो राहिला तर गोळीमुळे त्याला चावणारी प्रत्येक मरेल. पांघरुणं गरम पाण्यात घाला, फटी रोज कोरा. आणि ह्याला घेऊन घरभर चाला. फवारा कोषाला लागत नाही. पावलांनीच बाहेर काढायचं त्यांना."

"सगळ्या खोल्यांत?"

"एक सोडलीत तर तिथून पुन्हा सुरू."

पहिल्या दिवशी ती तीन खोल्यांत चालली. दुसऱ्या दिवशीही तीनच. तिसऱ्या दिवशी कुत्रा लिहियाच्या दारापुढे आडवा पडला आणि हलेना. नोएमी त्याच्या डोक्यावरून हात लांब करून कडी काढेपर्यंत तो उठला नाही.

लिहियाला इस्पितळात नेलं त्या सकाळी सोडला तसाच पलंग होता. उशीशेजारी चष्मा. खाली एक चप्पल पालथी. नोएमीनं चप्पल सरळ केली आणि चादर ओढून काढली. परसात मोठं पातेलं चढवून तिनं चादर उकळत्या पाण्यात दाबली, तेव्हा वाफेबरोबर कापराच्या मलमाचा वास वर आला. लिहिया रात्री गुडघ्यांना चोळायची ते मलम. नोएमी काठीनं ढवळत राहिली. वास जाईपर्यंत ढवळलं, मग पाणी बदललं.

दुपारी गुडघ्यांवर बसून तिनं जुन्या सुरीनं फटी कोरल्या. धूळ, दोन टाचण्या, कुत्र्याचे तांबूस केस निघाले. त्यांत एक लांब, पांढरा. तो तिनं वेगळा काढून उजेडात धरला, मग बाकीच्याबरोबर पिशवीत टाकून पिशवीला घट्ट गाठ मारली.

मग रोज कॉफी झाली की दोघं निघत. ओसरी, स्वयंपाकघर, शिलाईची खोली, तिची खोली, लिहियाची. वीस फेऱ्या. फळ्यांवर कुत्र्याची नखं टकटक वाजायची. फेऱ्या संपल्या की ती परसात बसून मोजे बघायची. आधी अकरा, मग चार, मग एखादी. एका सकाळी तिला आपलाच आवाज ऐकू आला. ती म्हणत होती, "चल, कानेलो, आता तिकडे." ती दारात थोडी थांबली. कुत्रा पुढे गेला होता.

महिन्यानं, रविवारी, दुबेर्नेय जीप घेऊन आला. खांद्यावरचा नवा, पिवळा दोर त्यानं टेबलावर टाकला आणि तुलियानं आणलेल्या गरम मक्याच्या भाकरीवर लोणी पसरलं.

"आत्या, हा तर एकदम चकाचक झाला की! अंगावर काही नाही."

"नाही."

"मग नेतो आजच. सुटलीस तू."

नोएमी कप विसळत होती. कप उलटा ठेवून तिनं हात पुसले.

"घरातल्या संपल्या नाहीत अजून."

दुबेर्नेयनं घाईघाईनं पाय वर घेतले, वाकून जमीन पाहिली. "मला तर एकही दिसत नाही."

"कोषात असतात. दिसत नाहीत. हा नसला तर मला खातील."

तुलिया आदल्या संध्याकाळी तासभर त्याच खोलीत अनवाणी बसली होती आणि तिला एकही चावली नव्हती. तिनं तोंड उघडलं, नोएमीकडे पाहिलं आणि भाकरीचा मोठा घास घेतला.

"पण अजून किती दिवस?"

"सांगता येत नाही."

दुबेर्नेयनं डोकं खाजवलं. कुत्रा टेबलाखाली निवांत पडला होता. नोएमीनं दोर उचलला, कोपर आणि अंगठ्यावर त्याचं नीट वेटोळं घातलं, टोक आत खोचलं आणि भाच्याच्या हातात दिलं.

"घेऊन जा," ती म्हणाली. "वासराला होईल."