डोकं खाली, पाय वर

अर्धांगाच्या झटक्यात दादाची उजवी बाजू गेली, वाचा गेली, वाचणंही गेलं. डॉक्टर म्हणाला, अक्षरओळखच पुसली. छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवलेल्या माणसाबद्दल हे बोलताना त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

छापखान्याच्या मॅनेजरनं कागद पाठवला. "रजेचा आहे, डावा अंगठा घ्या." मी वाचला. राजीनामा होता, तोही 'स्वखुशीने'. दादाला सांगितलं तर त्यानं नकाराची मान हलवली. माझ्यावर विश्वास नाही! जन्मभर त्यानं स्वतः वाचलेलंच खरं मानलं.

त्याच्या डब्याच्या पिशवीत खिळ्यांची बांधलेली एक ओळ निघाली. त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं, मधला एक खिळा उपसला आणि माझ्यापुढे धरला. चुकीचं अक्षर होतं. म्हणजे वाचत होता! खिळ्यावरचं अक्षर जुळवणाऱ्याला दिसतं डोकं खाली, पाय वर. त्याची तीच वाट शाबूत होती.

नुसता कागद फिरवला तर ओळ उजवीकडून सुरू व्हायची, खिळ्यांची तर डावीकडूनच; म्हणून वहिनीनं कागदाखाली आरसा लावला. त्यात दादाला आधी स्वतःचं वाकडं तोंड दिसलं. आरसा भिंतीवर फुटला.

मग मी तशी उलटी अक्षरंच तयार केली. माझ्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, चौकटीच्या कागदावर ठिपका ठिपका भरून. शिरोरेघ तळाला, मात्रा तिच्याही खाली. कॉम्प्युटरवरून सगळी लेझर प्रिंटरमध्ये उतरवली. प्रिंटर बंद केला की ती त्याच्या डोक्यातून जातात. साहेबानं दोनदा बंद केला, मी दोनदा पुन्हा भरली. "हे काय सर्कशीचं चालवलंय?" म्हणाला.

राजीनामा शब्दन् शब्द तसाच छापला.

रविवारी मॅनेजर शाईची डबी घेऊन स्वतः आला. दादाच्या मांडीवरचा कागद बघून हसला. "काय हो ताई, प्रिंटरलाही झटका आला का?"

"थोबाड आवरा," वहिनी म्हणाली. "ते वाचतायत."

दादाचं बोट डावीकडून उजवीकडे सरकत होतं. तिसऱ्या ओळीत थांबलं. आपण परत कामावर जाणार, असंच तो धरून बसला होता. ते त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना मी पाहिलं. मी पाजलेलं विष होतं ते.

त्यानं खुणेनं पेन्सिल मागितली. डाव्या हातानं 'स्वखुशीने' हा शब्द आडवा कापला आणि प्रुफं तपासताना करतात तशी समासात 'काढा'ची खूण केली. अंगठा दिला नाही.

"आता मालकांना काय सांगू मी?" मॅनेजर म्हणाला.

"माणूस वाचतो, म्हणावं," वहिनी म्हणाली, आणि शाईची डबी त्याच्या हातात कोंबली.