पारूबाईचा गॅस

"आजा, तुमच्यात संडासाचा गॅस हाय न्हवं?"

धोंडीबा अंगणात स्टोव्हला पिन मारत बसला होता. त्याने मान वर केली. फाटकात वरच्या आळीची शालन उभी होती. आठवीतली पोर, रंगुबाईची नात. तिच्या मागे मगदूम सर सायकल धरून उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"गोबरगॅस म्हणायचं, शालन," सर हळूच म्हणाले.

"तेच की, सर. पण गावात समदी संडासाचाच म्हणत्यात."

धोंडीबाला हसू आलं. "पोरीचं खरं हाय, सर. या, बसा."

मगदूम सर सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरातले, त्याच वर्षी गावच्या हायस्कुलात लागलेले. ते कट्ट्याच्या कडेवर टेकले आणि काम सांगू लागले. विज्ञानात एक धडा होता. कोळसा, डिझेल, रॉकेल जमिनीत कसं तयार झालं, ते जाळल्याने हवेचं काय होतं, आणि ते संपल्यावर माणसांनी काय करायचं. शेवटी गोबरगॅस होता.

"पुस्तकात लिहिलंय की ज्योत निळी असते. पण चित्र काळंच छापलंय," सर म्हणाले. "पोरांना एकदा खरी दाखवावी म्हटलं."

"बंद हाय त्यो," धोंडीबा म्हणाला. "आमची मंडळी गेली, मी म्हस इकली. शेण न्हाई तर गॅस कुठला? माझं आता ह्या स्टोव्हावरच चालतंय."

स्टोव्ह त्याच वेळी फुरफुरून विझला. शालन तोंडावर हात ठेवून हसली. सर म्हणाले, "बघा, विचार करून सांगा," आणि सायकल ढकलत निघाले.

धोंडीबाने सगळी नोकरी वडूजच्या आगारात एसटीची गाडी चालवण्यात घालवली होती. आज इथे मुक्काम, उद्या तिथे. घर म्हणजे पारूबाईचं राज्य. वडूजच्या बाजारात एकदा सरकारी माणसांनी गोबरगॅसचं प्रदर्शन मांडलं होतं. पारूबाई मिरच्या घ्यायला गेली आणि मिरच्या विसरून गॅसचं सगळं विचारून आली. चुलीच्या धुराने तिचे डोळे कायम पाणावलेले असायचे. त्यात त्या साहेबाने सांगितलं की संडासही त्याला जोडता येतो.

"घरात घाण आणतीस व्हय?" धोंडीबा तडकला होता.

"घाण घरात हायच की. मी तिला कामाला लावती," पारूबाई म्हणाली होती.

परसात विहिरीसारखा खड्डा खणला गेला, त्यावर गॅस भरला की वर उठणारी पालथी लोखंडी टाकी बसली आणि पारूबाईच्या स्वयंपाकघरात गॅस पेटला. मग गावाला काम मिळालं. संडासाचा चहा, संडासाची भाकरी. कुणी घरी आलं आणि पारूबाईने आधण ठेवलं की पाहुणा उठायचाच. "नको बाई, तुमच्या त्या गॅसवरचा चहा नको."

धोंडीबाचं घर बौद्धवाड्यातलं. वरच्या आळीचं माणूस गॅस नव्हता तेव्हाही त्यांच्यात चहा घेत नव्हतं. तेव्हा कुणाला पित्त झालेलं असायचं, कुणाचा उपास असायचा, कुणी आत्ताच पिऊन आलेलं असायचं. धोंडीबाला राग यायचा. पारूबाईला हसू यायचं.

"बरं झालं की ओ," ती म्हणायची. "बिचाऱ्यांना दर वक्ताला नवी सबब धुंडाय लागायची. आता एकच समद्यांला पुरती."

आणि केलेला चहा वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून किटलीत भरून ती रानात भांगलायला निघायची. धोंडीबा म्हणायचा, "एकटी एवढा पितीस? प्वाट हाय का म्हशीचा हौद?"

"तहान लागती," पारूबाई म्हणायची.

गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात ती थोड्या दिवसांच्या तापाने गेली. थोरला मुलगा महेंद्र पुण्याला चला म्हणाला. धोंडीबा गेला नाही. म्हैस त्याला दूध देईना, म्हणून विकली. टाकी खाली बसली. संडास चालू होता, पण एका माणसाच्या जिवावर टाकी कुठली उठणार?

सरांना नाही म्हणून सांगायचं असं ठरवूनच तो दुसऱ्या दिवशी शाळेत गेला. खरी अडचण त्याने कुणाला सांगितली नव्हती. शेण मागून आणता आलं असतं. पण तो गॅस कसा चालवायचा हे त्याला माहीत नव्हतं. पोरांसमोर पेटला नाही, तर गावाने पुन्हा हसायचं आणि या वेळी हसण्यावारी न्यायला पारूबाई नव्हती.

वर्ग भरला होता. धोंडीबा दाराशी थांबला. सर सांगत होते की पृथ्वीभोवतीच्या हवेत धुरातला वायू साठत चाललाय, त्यामुळे आलेली उष्णता बाहेर जात नाही.

"उन्हात खिडक्या लावून उभी केलेली एसटी कशी तापते? तशी. काय, डायवर?"

सगळ्या माना वळल्या. धोंडीबा गडबडला. "व्हय, तापती की. स्टेरिंगला हात लावू देत न्हाई. सीटवर बसलं तर माणूस उठून उभा राहतंय."

पोरं हसली. सर पुढे म्हणाले, अशाने बर्फाचे डोंगर वितळतील, समुद्राचं पाणी वर चढेल.

मागच्या बाकावरच्या गुंडा नावाच्या पोराने हात वर केला. "सर, मग आपल्या गावापत्तोर कवा येईल?"

"काय?"

"समुद्र. गावात पाणी न्हाई. आलं तर बरंच की."

सगळा वर्ग उजळला. खटाव तालुक्यातली पोरं ती, टँकरमागे घागरी घेऊन पळणारी. समुद्र वडूजकडून येईल की कोरेगावकडून, यावर दोन बाकांत भांडण लागलं. सरांनी समुद्राचं पाणी खारट असतं हे सांगितलं तेव्हा गुंडा म्हणाला, "म्हशी धुवाय तर हुईल," आणि सरांनी खडू खाली ठेवला.

तेवढ्यात शालनने धोंडीबाकडे बघितलं. "आजा, मग तुमी जलमभर डिझेल जाळलं. आमचा पाऊस तुमीच पळवलासा व्हय?"

"आगं, मी एकट्यानं न्हाई," धोंडीबा म्हणाला. "तुझा आज्जा दर बाजाराला माझ्याच गाडीत बसायचा. तिकिटावरनं भांडायचा वर."

वर्ग पुन्हा हसला. हसणं ओसरल्यावर धोंडीबाला वाटलं की आता नाही म्हणावं. पण ती सगळी पोरं त्याच्याकडे, गाडी कधी सुटणार असं विचारणाऱ्या पॅसेंजरांसारखी बघत होती.

"शेण लागंल," तो म्हणाला. "लय लागंल. आणा."

दुसऱ्या दिवसापासून बौद्धवाड्याच्या रस्त्याला घमेली निघाली. पाठीला दप्तर, डोक्यावर शेण. घरोघरी आया कुरकुरल्या. गोवऱ्या कशाच्या थापायच्या? मास्तरांना आता शेणबी पायजे? पण पोरं ऐकेनात. कुणाच्या बैलाचं, कुणाच्या गाईचं, वरच्या आळीचं, माळवाड्याचं, सगळं परसातल्या टाकीशेजारच्या त्या एका कुंडीत पडलं. मगदूम सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुस्तक वाचून सांगायचे, जेवढं शेण तेवढं पाणी, आणि धोंडीबा कोपरापर्यंत हात घालून गाठी फोडायचा. पहिल्या दिवशी त्याला कसंतरी झालं. मग हाताला येणारा वास ओळखीचा निघाला. रात्रपाळी करून घरी आल्यावर पारूबाई पाण्याचा तांब्या द्यायची तेव्हा तो वास यायचा, राखेने हात धुतले तरी.

शालनचं घमेलं सगळ्यांत गच्च भरलेलं असायचं. "आजी स्वतः भरून देती," ती म्हणाली. "म्हणती, पारूच्या कुंडीत टाक. भायेर सांडू नगं."

काही आठवड्यांनी टाकी हलली. गुंडाने ती आधी पाहिली. रोज टाकीवर खडूची रेघ मारायचं काम त्याच्याकडे होतं. रेघ वर चढलेली पाहून तो शाळेपर्यंत ओरडत गेला. सरांनी पुस्तक काढलं आणि सांगितलं, पहिल्यांदा भरलेली टाकी सोडून द्यायची, तो गॅस जळत नाही. पोरांचे चेहरे पडले. एवढ्या घमेल्यांचा माल नुसता वाऱ्यावर. पण टाकी पुन्हा भरली आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सगळा वर्ग धोंडीबाच्या घरात शिरला. मावली तेवढी आत, बाकीची खिडकीत. धोंडीबाने स्वयंपाकघर सारवून ठेवलं होतं.

त्याने चावी फिरवली, काडी ओढली. शेगडी गुळण्या केल्यासारखा आवाज करू लागली. एकदा भुक्क झालं. पुन्हा काडी. पुन्हा भुक्क.

"शेण कमी पडलं काय?" कुणीतरी विचारलं.

"गुंडाची म्हसच रोगट हाय."

"तुझा बैल रोगट."

सर पुस्तकाची पानं उलटत होते. धोंडीबाच्या कपाळावर घाम आला. काड्या संपत आल्या होत्या. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या, आजा." ते ऐकून त्याला जास्तच वाईट वाटलं.

"नळीत पाणी साठलं असंल."

सगळ्यांनी वळून पाहिलं. उंबऱ्याबाहेर रंगुबाई उभी होती. शालनला न्यायला आली होती बहुतेक. कमरेवर हात, कपाळाला आठ्या.

"न्हाणीमागं नळीला एक तोटी हाय बघ. ती सोड. मग पेटीव."

"अक्का, तिथं तोटी हाय?" धोंडीबाने विचारलं.

"बघ तर जाऊन. उलटा मला काय इचारतूस, घर तुझं का माझं?"

तोटी होती. दगडाआड, चिंधीने बांधलेली. धोंडीबाने ती सोडली तसं थोडं घाण पाणी पिचकन बाहेर आलं आणि मग नुसता वास आला. तो पळतच परत आला. शेवटून दुसरी काडी. या वेळी शेगडी नुसती सूं करू लागली.

"दिसंना की काय," गुंडा म्हणाला.

"दार लावा," सर म्हणाले. "खिडकी लावा."

रंगुबाईला दार लागताना उंबऱ्याच्या आत यावं लागलं. अंधार झाला, आणि शेगडीवर निळ्या पाकळ्यांचं गोल फूल दिसलं. पुढची पोरं शेगडीवर वाकली. मग शालन म्हणाली, "निळीच हाय, सर. पुस्तकातलं खरं हाय."

धोंडीबाला पहाटेची पहिली गाडी आठवली. दिवा लावला की त्याची झोप मोडेल म्हणून पारूबाई नुसत्या गॅसच्या उजेडात चहा करायची. अंथरुणातून त्याला तिचा एक गाल दिसायचा, निळा. तो जागाच असायचा. तिला कधी सांगितलं नाही.

"उघडा आता," तो म्हणाला. "च्या टाकतो."

चहा झाला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. एकाने हळूच सांगितलं, "माझी आई म्हणली, बघून ये, पिऊ नगं." धोंडीबा कप मांडत राहिला. त्याला हे नवीन नव्हतं. मगदूम सरांनी पहिला कप उचलला, बशीत ओतला आणि ते फुंकर मारून प्याले. पोरांनी सरांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग गुंडा म्हणाला, "शेण माझं, आन् च्या सर पेणार व्हय?" आणि कप कमी पडले. वाट्या निघाल्या, पेले निघाले, तांब्याही फिरला. पिऊन झाल्यावर सर त्यांना परसात घेऊन गेले. गॅस देऊन झालेलं शेण पलीकडच्या खड्ड्यात उतरतं, त्याचं खत होतं, ते रानात जातं, रानातला चारा पुन्हा म्हशीकडे, असं काहीतरी सांगू लागले.

रंगुबाई गेली नव्हती. ती उंबऱ्यावर बसली होती, पाय बाहेर सोडून.

"मला न्हाई दिलास," ती म्हणाली.

धोंडीबाने पातेल्यातला राहिलेला चहा गाळून दिला. तिने घोट घेतला, तोंडात घोळवला.

"बरा झालाय. पर आलं किसून घातलंस व्हय? पारू ठेचायची. दगडानं. किसून त्याला चव येत न्हाई."

धोंडीबाचा हात थांबला. "अक्का, तुमी कवा पिलासा तिच्या हातचा?"

रंगुबाई रस्त्याकडे बघत राहिली. "बांधाला. भांगलाय जायचो तवा. किटली आणायची ती. कप एकच." तिने आणखी एक घोट घेतला. "आदी ती प्याची. मग मी."

परसात पोरांचा कालवा चालला होता. भिंतीवरच्या खिळ्याला किटली टांगलेली होती, दांडीत कप अडकवलेला. पारूबाईने अडकवला तसाच.

"मला म्हणायची, तहान लागती," धोंडीबा म्हणाला.

"लागायचीच की. दोघींला."

धोंडीबाने किटली खाली काढली. त्यातली जळमटं पुसली, दोनदा विसळली. आल्याचा तुकडा पाट्याच्या कडेवर ठेवून वरवंट्याने ठेचला आणि पुन्हा आधण ठेवलं. ज्योत तो जरा बारीक करायला गेला, ती त्याच्या हातून मोठीच झाली. त्याने तशीच राहू दिली.

तो किटली घेऊन उंबऱ्याशी आला तेव्हा रस्त्यावरून वरच्या आळीचा नाथाजी सायकलवरून चालला होता. त्याने बघितलं, पॅडल मारायचं थांबवलं, सायकल नुसती पुढे गेली.

"काय रं नाथाजी, म्होरं बघ की," रंगुबाई म्हणाली. "पडशील."

ती उठली नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कप धोंडीबापुढे धरला.